टीबी आणि पोषण : झारखंडमधील ‘रेशन्स’ संशोधनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्षयरोग आणि आहार यांच्या संबंधावरील ‘रेशन्स’ हे भारतीय संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून रुग्णांचे नातेवाईक, आशाताई, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्याकडून त्याविषयी सातत्याने विचारणा होत आहे. त्यांतील नेहमी येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा न देता संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘रेशन्स’ हा अभ्यास नेमका काय होता?

टीबीच्या रुग्णाच्या घरातील इतर माणसांना पुरेसे अन्न दिले, तर त्यांना टीबी होण्याचे प्रमाण कमी होते का, हे तपासण्यासाठी झारखंडमधील चार जिल्ह्यांत हा प्रयोग झाला. मंगळूरुच्या येनेपोया मेडिकल कॉलेजमधील डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था आणि राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम यांच्या सोबतीने तो केला, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याला पाठबळ दिले. ऑगस्ट २०१९ ते जानेवारी २०२१ या काळात फुप्फुसाच्या टीबीचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे त्यात सहभागी झाली. घरातील माणसांवर जुलै २०२२ पर्यंत लक्ष ठेवण्यात आले. त्यांच्याविषयीचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये आणि रुग्णांविषयीचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

या दोघा डॉक्टरांनी त्यापूर्वी छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेत अनेक वर्षे रुग्णसेवा केली होती. हाडांचा सापळा झालेले टीबीचे रुग्ण त्यांनी तेथे रोजच्या रोज पाहिले होते, आणि या अभ्यासामागचा प्रश्न त्या अनुभवातून आलेला आहे.

२. टीबी जंतूमुळे होतो. मग त्यात जेवणाचा संबंध कुठे येतो?

टीबीचा जंतू शरीरात शिरणे आणि टीबीचा आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जंतूचा संसर्ग कधी ना कधी झालेला असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण त्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांच्या शरीरातील रोगप्रतिकारक पेशी जंतूला वेढा घालून दाबून ठेवतात. दीर्घकाळ अर्धपोटी राहिलेल्या माणसात याच पेशींचे काम मंदावते, आणि वर्षानुवर्षे दबून असलेला जंतू डोके वर काढतो. एचआयव्ही, मधुमेह, दारू आणि तंबाखू यांमुळेही हेच घडते. मात्र भारतात कुपोषित माणसांची संख्या इतकी मोठी आहे की टीबी वाढवणाऱ्या कारणांत कुपोषणाचा वाटा सर्वांत मोठ्या वाट्यांमध्ये मोडतो. २०२३ मध्ये जगातील टीबीच्या नव्या रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के, म्हणजे अंदाजे २८ लाख, एकट्या भारतात होते. हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते.

३. कोणाला किती आणि कोणते अन्न दिले गेले?

रुग्णांना दरमहा सुमारे १० किलोचा शिधा दिला गेला. त्यात तांदूळ, डाळी, दुधाची भुकटी आणि तेल होते, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या होत्या. त्यातून दिवसाला सुमारे १,२०० किलोकॅलरी ऊर्जा आणि ५२ ग्रॅम प्रथिने मिळत. हा शिधा सर्व २,८०० रुग्णांना मिळाला (याचे कारण प्रश्न ६ मध्ये).

प्रयोग होता तो घरातील इतर माणसांवर. एकूण २८ क्षयरोग पथकांची (टीबी कार्यक्रमाच्या स्थानिक विभागांची) यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही पसंतीवर न सोडता, दोन गटांत विभागणी झाली. एका गटातील घरांमध्ये प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. लहान मुलांना याच्या निम्मा शिधा मिळाला. दुसऱ्या गटातील माणसे नेहमीचे घरचे जेवण जेवत राहिली. शिधा सर्वसाधारणपणे सहा महिने चालला, आणि रुग्णाला औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर बारा महिने.

हे प्रमाण स्वयंपाकघरात मोजून पाहण्यासारखे आहे. दिवसाला माणशी साधारण १६५ ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम डाळ, म्हणजे दोन वेळचा भात आणि घट्ट वरण. त्यातून सुमारे ७५० किलोकॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने मिळतात. सहा महिन्यांचा एका प्रौढ माणसाचा शिधा ३९ किलो भरतो. त्यात कोणताही महागडा किंवा परदेशी पदार्थ नव्हता, आणि आमच्या मते या संशोधनाचे मोठेपण त्यातच आहे.

४. निष्कर्ष थोडक्यात काय निघाला?

शिधा मिळालेल्या घरांतील माणसांमध्ये सर्व प्रकारच्या टीबीचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि प्रयोगशाळेत जंतू सापडून सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या टीबीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले.

५. बातमीत ‘३९ टक्के’ आणि ‘४८ टक्के’ असे दोन आकडे होते. आम्ही मूळ आकड्यांवरून गणित केले तर ३४ टक्केच येतात. खरा आकडा कोणता?

तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. शिधा न मिळालेल्या गटातील ४,७२४ जणांपैकी १२२ जणांना, म्हणजे २.६ टक्के लोकांना, टीबी झाला. शिधा मिळालेल्या गटातील ५,६२१ जणांपैकी ९६ जणांना, म्हणजे १.७ टक्के लोकांना, तो झाला. एवढ्याचाच सरळ भागाकार केला तर घट सुमारे ३४ टक्के येते. परंतु प्रत्येक व्यक्तीवर सारख्याच काळासाठी लक्ष ठेवता आलेले नसते, आणि पथके यादृच्छिक पद्धतीने वाटली तरी दोन गटांतील माणसे हुबेहूब सारखी नसतात. हे फरक जमेस धरून केलेल्या हिशेबात घट ३९ टक्के येते, आणि संशोधनाचा मुख्य आकडा म्हणून तोच वापरला पाहिजे. ४८ टक्के हा आकडा केवळ जंतू सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या टीबीपुरता आहे. हाच टीबी मुख्यतः हवेतून इतरांपर्यंत पोहोचतो, त्यामुळे त्याचे महत्त्व स्वतंत्र आहे.

बातम्यांत सहसा न येणाऱ्या दोन गोष्टी येथे सांगणे आवश्यक वाटते. पहिली, ३९ टक्के हा अंदाज आहे. संशोधकांनी दिलेल्या ९५ टक्के विश्वासाच्या मर्यादा पाहिल्या तर खरा परिणाम सुमारे १५ टक्के ते ५७ टक्के यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. परिणाम आहे याविषयी खात्री बाळगता येते, पण तो नेमका किती याविषयी थोडी सैल मूठ ठेवावी लागते. दुसरी, ‘३९ टक्के घट’ याचा अर्थ शंभरातील ३९ माणसे वाचली असा होत नाही. घरात रुग्ण असलेल्या एक हजार माणसांपैकी शिध्याविना सुमारे २६ जणांना टीबी झाला असता, शिध्यामुळे तो सुमारे १७ जणांना झाला. म्हणजे हजारात ९ जण वाचले. संशोधकांनी हेच वेगळ्या शब्दांत मांडले आहे : सुमारे ३० घरांना, म्हणजे १११ माणसांना, शिधा दिला की टीबीचा एक नवा रुग्ण टळतो. ही संख्या लहान वाटू नये. टळलेला प्रत्येक रुग्ण म्हणजे किमान सहा महिन्यांची औषधे, बुडालेली मजुरी आणि त्याच्याकडून पुढे इतरांना होऊ शकणारा संसर्ग, हे सारे टळणे असते.

६. सर्व रुग्णांना शिधा का दिला? त्यामुळे तुलना बिघडली नाही का?

उपाशी रुग्णाला केवळ तुलनेसाठी अन्न नाकारणे हे नैतिकदृष्ट्या मान्य होण्यासारखे नव्हते, म्हणून दोन्ही गटांतील रुग्णांना शिधा मिळाला. घरातील माणसांच्या तुलनेवर याचा परिणाम होत नाही. उलट, दोन्हीकडील रुग्ण सारख्याच वेगाने बरे होण्याची शक्यता असल्याने फरक घरच्यांच्या शिध्यामुळे पडला असे म्हणणे अधिक भक्कम होते. मात्र ‘शिध्यामुळे रुग्णांचे मृत्यू इतके कमी झाले’ असे विधान या अभ्यासावरून थेट करता येत नाही, कारण शिधा न मिळालेले रुग्ण तुलनेला नव्हतेच. त्याविषयी प्रश्न ७ आणि ८ पाहावेत.

७. रुग्णांविषयी काय आढळले?

येथील आकडे मन हेलावणारे आहेत. उपचार सुरू होताना ८२ टक्क्यांहून अधिक रुग्णांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. पुरुषांचे सरासरी वजन ४२.६ किलो आणि स्त्रियांचे ३६.१ किलो होते. शरीरभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, सरासरी १६ च्या आसपास होता, आणि १७ टक्के रुग्णांमध्ये तो १४ पेक्षाही कमी होता. बीएमआय काढण्यासाठी किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात आणि १८.५ च्या खाली आलेला आकडा कमी वजनाचा मानतात. पाच फूट तीन इंच, म्हणजे साधारण १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसाचे वजन किमान ४७ किलोच्या वर असायला हवे. वरील सरासरीशी हा आकडा ताडून पाहावा.

औषधे आणि शिधा या दोन्हींमुळे ९३.७ टक्के रुग्णांचे उपचार यशस्वी झाले. १०८ रुग्ण, म्हणजे ३.९ टक्के, दगावले. वजनातील मध्यक वाढ ४.६ किलो होती, म्हणजे निम्म्या रुग्णांचे वजन याहून अधिक आणि निम्म्यांचे याहून कमी वाढले. तरीही उपचार संपल्यावर निम्म्याहून अधिक रुग्ण (५४.८ टक्के) कमी वजनाचेच राहिले. इतक्या काळजीपूर्वक पुरवलेल्या शिध्यानंतर ही स्थिती असेल, तर शिधा न मिळणाऱ्या रुग्णाचे काय होत असेल याचा विचार प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्याने करावा.

सर्वांत उपयोगाचा निष्कर्ष मात्र पहिल्या दोन महिन्यांविषयी आहे. ज्या रुग्णांचे वजन दोन महिन्यांत सुरुवातीच्या ५ टक्के किंवा त्याहून अधिक वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. ४३ किलोच्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे सव्वादोन किलोंच्या आत, आणि ३६ किलोच्या बाईसाठी पावणेदोन किलोंच्या थोडे वर. म्हणून घरातील रुग्णाचे वजन उपचाराच्या पहिल्या दिवशी वहीत लिहून ठेवावे, दर पंधरवड्याला त्याच काट्यावर पुन्हा करावे, आणि दोन महिन्यांत ते हलले नाही तर डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावे.

८. म्हणजे वजन वाढवले की जीव वाचतो, असे सिद्ध झाले का?

असे काटेकोरपणे म्हणता येणार नाही. ज्यांचा आजार मुळातच सौम्य होता त्यांची भूक लवकर परतली, वजन वाढले आणि ते जगलेही, ही शक्यता उरते. संशोधकांनी सुरुवातीचे वजन, मधुमेह, हिमोग्लोबिन यांसारख्या गोष्टींचा हिशेब वेगळा करूनही संबंध टिकून राहिला, त्यामुळे तो गांभीर्याने घ्यावा. पण हा पुरावा घरच्यांविषयीच्या निष्कर्षाइतका (प्रश्न ४) भक्कम नाही, कारण तेथे गट यादृच्छिक पद्धतीने पाडलेले होते. वजन न वाढणे ही धोक्याची सूचना आहे, एवढे मात्र निःशंकपणे सांगता येते.

९. मद्रासच्या जुन्या संशोधनात आहाराने फरक पडत नाही असे निघाले होते ना? मग खरे कोणते मानायचे?

हा प्रश्न विशेषतः वैद्यकीय विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. १९५० च्या दशकात मद्रासमध्ये १९३ रुग्णांवर एक ऐतिहासिक प्रयोग झाला आणि १९५९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये विश्रांती आणि सकस आहार मिळाला, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरी, अपुऱ्या जेवणावर, तीच औषधे दिली गेली. बरे होण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे निघाले. या प्रयोगामुळे गरीब देशांत घरी राहून टीबीचा उपचार घेता येतो हे सिद्ध झाले आणि लक्षावधी लोकांचे त्यात भले झाले.

मद्रासचा प्रश्न मात्र वेगळा होता : औषध मिळत असताना जंतू नाहीसे होण्यासाठी चांगला आहार अत्यावश्यक आहे का? त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, आणि ते आजही बरोबर आहे. रेशन्सचा मुख्य प्रश्न ज्यांना औषध चालू नाही अशा निरोगी माणसांविषयीचा आहे. त्यांच्या शरीरात जंतू असला तर त्याला रोखण्याचे काम त्यांच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीलाच करावे लागते. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. दुर्दैवाने मद्रासच्या निष्कर्षाचा अर्थ पुढे ‘टीबीत आहार गौण’ असा ताणला गेला आणि पोषणाचा विषय कित्येक दशके धोरणाबाहेर राहिला, असे आमचे मत आहे.

१०. चांगले खाल्ले तर औषधे लवकर बंद करता येतील का?

अजिबात नाही. या अभ्यासातील प्रत्येक रुग्णाने औषधांचा पूर्ण कोर्स घ्यायचा होता आणि शिधा त्याच्या जोडीला होता. औषधे मध्येच सोडल्यास जंतू औषधांना दाद देईनासा होतो आणि मग उपचार अधिक खडतर होतो.

११. घरच्यांसाठी प्रतिबंधक गोळ्याही आहेत. शिधा घेतला तर त्या घ्याव्या लागतील का?

घ्याव्यात. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार फुप्फुसाच्या टीबीच्या रुग्णाच्या घरातील सर्व वयोगटांच्या माणसांना, त्यांना प्रत्यक्ष आजार नाही याची खात्री करून, प्रतिबंधक उपचार देण्याची तरतूद आहे. गोळ्या शरीरातील जंतूवर थेट काम करतात, तर अन्न प्रतिकारशक्तीला बळ देते. गोळ्यांचा कोर्स संपल्यावर पुन्हा संसर्ग झाला तर त्या गोळ्यांचा उपयोग उरलेला नसतो. एकामुळे दुसऱ्याची गरज संपते असे या अभ्यासाने दाखवलेले नाही.

१२. रुग्णाची ताटवाटी वेगळी ठेवावी का?

गरज नाही. टीबी खोकला, शिंक आणि बोलणे यांतून हवेत जाणाऱ्या कणांनी पसरतो, ताटावाटे पसरत नाही. खोकताना तोंडावर रुमाल, बेडक्यासाठी झाकणाचे भांडे आणि खोलीत खेळती हवा यांकडे लक्ष द्यावे.

१३. हे झारखंडमधील संशोधन महाराष्ट्रात लागू पडेल का?

जेथे माणसे अर्धपोटी आहेत तेथे लागू पडेल असे मानण्यास सबळ कारण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात झारखंडमधील सुमारे एक चतुर्थांश आणि महाराष्ट्रातील सुमारे एक पंचमांश स्त्रियांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी होता. हे अंतर आपण समजतो तेवढे मोठे नाही. शिवाय राज्याच्या सरासरीखाली नंदुरबार, मेळघाट आणि गडचिरोलीसारख्या भागांची स्थिती झाकली जाते. याउलट, ज्या घरात सर्वांचे वजन पुरेसे आहे तेथे जादा तांदूळडाळीने टीबी ३९ टक्क्यांनी कमी होईल असे मानू नये, कारण तशा घरांसाठी हा प्रयोग नव्हता.

१४. सरकारकडून रुग्णाला आणि घरच्यांना काय मिळते?

एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होत; नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. सहा महिन्यांच्या उपचारासाठी ३,००० रुपयांचे दोन हप्ते असून पहिला निदानानंतर आणि दुसरा ८४ दिवसांच्या उपचारानंतर मिळतो. बीएमआय १८.५ पेक्षा कमी असलेल्या रुग्णांना पहिले दोन महिने ऊर्जायुक्त पूरक आहार देण्याचेही त्याच वेळी जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री टीबीमुक्त भारत अभियानात ‘निक्षय मित्र’, म्हणजे स्वेच्छेने मदत करणारे दाते, रुग्ण दत्तक घेऊन त्यांना शिधा देतात, आणि आता या मदतीत रुग्णाच्या घरातील माणसांचाही समावेश आहे. रोख रक्कम मात्र केवळ रुग्णासाठी आहे. पैसे जमा होत नसतील तर निक्षय पोर्टलवरील (टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावरील) नोंद आणि बँक खात्याची जोडणी आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून तपासून घ्यावी. विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-११-६६६६ असा आहे.

घरच्यांचा समावेश ‘निक्षय मित्रां’च्या सदिच्छेवर सोडलेला आहे, ही गोष्ट आम्हाला खटकते. संशोधनातील सर्वांत भक्कम पुरावा घरच्यांविषयीचाच असताना त्यांचा शिधा हक्काचा व्हायला हवा.

१५. प्रोटीन पावडर, अंडी, मटण यांपैकी काय आवश्यक आहे?

अभ्यासात यांपैकी काहीही दिलेले नव्हते. परवडत असेल आणि खात असाल तर अंडी, मासे, दूध उत्तमच. नसेल तर भात किंवा भाकरी, डाळ, शेंगदाणे, फुटाणे आणि तेल यांच्यावरही वजन वाढते. डब्याच्या पावडरीवर हजार रुपये घालवण्यापेक्षा तेच पैसे संपूर्ण घराच्या डाळीवर खर्च करावेत, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

१६. रुग्णाला मधुमेह आहे. त्यालाही वजन वाढवायचे का?

येथे सरसकट उत्तर देता येत नाही. या अभ्यासात मधुमेह असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका तिपटीहून अधिक आढळला, म्हणून साखरेवर नियंत्रण ही पहिली गरज ठरते. मधुमेही रुग्ण कृश असेल तर त्यालाही पुरेसे अन्न हवेच, पण भाताचे प्रमाण, डाळीचा वाटा आणि औषधांची मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवावी. वजन आधीच जास्त असेल तर ५ टक्के वाढीचा निकष त्याच्यासाठी नाही.

१७. रुग्ण अगदी खंगला आहे, उठताही येत नाही. घरी भरपूर खायला घातले तर चालेल का?

घरी एकदम भरपूर खायला घालू नये. अशा रुग्णाला आधी रुग्णालयात न्यावे. अतिशय कृश माणसाला अचानक जास्त अन्न मिळाले तर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम यांसारख्या क्षारांची पातळी धोकादायकरीत्या खाली येते आणि हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून अन्न थोड्या प्रमाणापासून सुरू करून देखरेखीखाली वाढवावे लागते. तमिळनाडूने २०२२ मध्ये टीबीचे मृत्यू रोखण्यासाठी सुरू केलेल्या कार्यक्रमात निदानाच्या वेळीच काही साध्या खुणा तपासल्या जातात : बीएमआय १४ पेक्षा कमी असणे, पायांवर सूज, श्वास जलद चालणे, रक्तातील प्राणवायू कमी असणे आणि आधाराशिवाय उभे राहता न येणे. यांपैकी गंभीर खुणा दिसलेल्या रुग्णाला तातडीने दाखल करण्यावर भर असतो. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर एवढ्यावर ही तपासणी होते, त्यामुळे गावातील उपकेंद्रातही ती करून मागावी.

१८. त्या काळात कोविडमुळे सगळ्यांनाच मोफत धान्य मिळत होते. मग शिध्याचा परिणाम वेगळा कसा ओळखला?

एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकाधारकांना माणशी ५ किलो मोफत धान्य मिळू लागले हे खरे आहे, पण ते दोन्ही गटांतील घरांना लागू होते. तुलना दोन गटांमधील असल्याने दोहोंकडे समान असलेली मदत फरकाचे कारण होऊ शकत नाही. उलट, शिधा न मिळालेल्या गटाकडेही काही जादा धान्य पोहोचले असेल तर दोन गटांमधील अंतर त्यामुळे कमी झाले असण्याचीच शक्यता अधिक. शिवाय मोफत योजनेत मुख्यतः तांदूळ आणि गहू होते, तर अभ्यासातील शिध्यात दरमहा दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या होत्या. परिणामात डाळीचा वाटा किती आणि एकूण उष्मांकांचा किती, हे मात्र या अभ्यासाच्या रचनेतून वेगळे काढता येत नाही. त्यासाठी तांदूळ आणि डाळ स्वतंत्रपणे देऊन तुलना करणारा दुसरा प्रयोग लागेल.